राणीसरकारांचा डावा हात

पुठ्ठ्याचा महाल उभा करायचा तर आधी दार कापावं लागतं, असं महालवालीचं म्हणणं होतं. बुरूज, खिडक्या, निशाणं, सोनेरी कागदाच्या वेलबुट्ट्या, सगळं मागाहून. आधी दार, आणि तेही जिचा वाढदिवस तिच्या मापाचं. मुलगी मुकुट घालून ताठ उभी राहिली की वर दोन बोटं हवा राहिली पाहिजे आणि कुठल्याही मोठ्या माणसाला वाकल्याशिवाय आत शिरता येता कामा नये. मोठी माणसं वाकली की पोरांना आपोआप राजेपण येतं, त्याला वेगळी सजावट लागत नाही, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि खांद्यावरची टेप ओढून हातात घ्यायची.

तिला सगळे महालवालीच म्हणत. खरं नाव नवऱ्याला ठाऊक होतं, पण तोही ते फारसं वापरत नसे. पूर्वी ती फ्रिज आणि धुलाईयंत्रांच्या दुकानात होती. माल बाहेर काढून झाला की रिकामी खोकी मोडून गठ्ठे बांधायचे, एवढंच काम. एकदा दुकानदाराच्या मुलीसाठी एका मोठ्या खोक्याला तिनं दार-खिडक्या पाडल्या, आणि ती मुलगी दोन दिवस त्यातून बाहेर येईना. तेव्हापासून खोकी मोडण्याचं बंद झालं नि जोडण्याचं सुरू झालं. नवऱ्याचा टेम्पो होता. तो महाल पोचवायचा, संध्याकाळी परत आणायचा आणि वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की सांगायचा, "लोकांच्या बायका चार दिवस माहेरी जातात, आमची महालात जाऊन बसते."

ते खरंही होतं. महालाच्या मागच्या भिंतीला ती माणूसभर पोकळी ठेवायची. वाढदिवसाच्या दिवशी तिथे स्टूल टाकून बसायची आणि प्लास्टिकच्या नळीतून महाल बोलता करायची. दरवान खोकायचा, म्हातारी राणी कुरकुरायची, घोडा शिंकायचा, आणि शेवटी राजकन्येला नावानं हाक यायची. आवाज काढणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. माणूस बोलताना शब्द कुठे गिळतो नि कुठे लांबवतो, हे तिच्या कानात आपसूक राहायचं.

माप घेताना मुलं स्वस्थ उभी राहत नाहीत, हा या धंद्यातला खरा ताप. त्यावर तिचा उपाय जुनाच होता. मुलीसमोर उकिडवं बसायचं, डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "स्टॅच्यू." हा खेळ न खेळलेलं मूल तिला अजून भेटलं नव्हतं. मूल जागच्या जागी गोठायचं, ती टेप फिरवायची, मग म्हणायची, "ओव्हर." हा दुसरा शब्द ती कधी विसरत नसे. घाईत असली, फोन वाजत असला, तरी आधी ओव्हर. मूल किती इमानदार असतं ते तिनं पाहिलं होतं. नाकावर माशी बसली तरी हलत नाही.

एका घरचं बोलावणं तिथल्या आजीकडून आलं. नातीला सहावं लागणार होतं, राजकन्येचा थाट करायचा होता. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताला चपलांचा रॅक होता आणि रॅकच्या शेजारी ती मुलगी उभी होती. शाळेचा गणवेश, एक वेणी सुटलेली, डावा हात कमरेवर. चित्रातल्या राणीनं ठेवावा तसा, कोपर बाहेर, बोटं पुढे.

"या आमच्या राणीसरकार," आजी म्हणाली. "चोवीस तास हाच तोरा. एका हातानं जेवतात, एका हातानं दप्तर भरतात. म्हटलं, एवढी हौस आहे तर होऊन जाऊ दे एकदाचा राज्याभिषेक."

महालवाली हसली. मुलगी हसली नाही, पण रुसलेलीही दिसली नाही. ती फक्त उभी होती, रांगेत नंबर लागलेलं माणूस उभं असतं तशी.

मुलीचा बाप बस डेपोत मेकॅनिक होता. नखांच्या कडांना काळं तेल, बोलणं कमी. चहाचे कप ठेवताना त्यानं हळूच सांगितलं की डॉक्टरांना दाखवून झालं, फोटो काढून झाले, हाताला काही झालेलं नाही. रात्री झोपेत हात सुटतो. सकाळी जाग येते तेव्हा आधी हात जागेवर जातो आणि मग डोळे उघडतात. हे त्यानं एखाद्या इंजिनाचा आवाज सांगावा तसं सांगितलं आणि तो आत गेला.

महालाबरोबर फ्रॉकही महालवालीच शिवायची. त्याचा रंग सहसा आया ठरवतात, म्हणून तिनं विचारलं, आई कामावर गेली आहे का. आजी मुकुटांचे नमुने बघत होती. तिनं मान वर केली नाही.

"तिची आई गेली," ती म्हणाली. "हा गुलाबी खड्यांचा बरा दिसतोय."

अशा वेळी माणूस पुढे काय विचारणार. महालवालीनं मान खाली घातली आणि गुलाबी मुकुट बाजूला काढला. भिंतीवर फोटो नव्हता. काही घरांत मुलांच्या नजरेला पडू नये म्हणून लावत नाहीत, तसं असेल असं तिनं धरलं.

मग ती टेप घेऊन रॅकपाशी गेली, मुलीसमोर उकिडवी बसली, डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "स्टॅच्यू."

मुलगी म्हणाली, "मी आहेच."

"काय आहेस?"

"स्टॅच्यू. आधीपासून आहे." ती हे हळू आवाजात सांगत होती, खेळातलं गुपित फोडताना सांगतात तसं. "आईनं म्हटलंय. बोललं तर चालतं. जेवलं तर चालतं. शाळेत जायला लागतं म्हणून जाते. पण हात हलवला तर आउट."

"हात असाच होता का तेव्हा?"

"हो. मी राणी राणी करत होते." मुलगी दाराकडे बघत होती. "इथेच."

टेप महालवालीच्या हातात लोंबत राहिली. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ओव्हर."

मुलीनं तिच्याकडे जरा कीव करून पाहिलं. "तू नाही म्हणायचं, महालमावशी. ज्यानं स्टॅच्यू म्हटलं त्यानंच ओव्हर म्हणायचं. नाहीतर काय उपयोग?"

महालवालीनं माप घेतलं. तेवढ्या वेळात मुलगी तसूभर हलली नाही. इतकं सोपं माप तिनं आयुष्यात घेतलं नव्हतं.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. पोरं आज धरतात नि उद्या सोडतात, असं म्हणून त्यानं विषय झटकला. ती म्हणाली, "अहो, पोरं सोडत नाहीत म्हणून तर माझं दुकान चालतंय." मग तिनं दार कापायला घेतलं. सुरी पुठ्ठ्यातून सरळ जात नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे सारखं एकच येत होतं. मरणाऱ्या बाईनं, कदाचित रुग्णालयात जायला निघतानाच, पोरीला गंमत म्हणून एक शब्द दिला होता. तो शब्द आता कुणालाच परत घेता येत नव्हता. उद्या पोरगी दहा वर्षांची होईल, वीस वर्षांची होईल, आणि हात तिथेच.

पण आवाज तर काढता येतो.

हा विचार तिला आला तेव्हा चांगली दुपार होती, खिडकीतून ऊन येत होतं, शेजारी कुणीतरी गाद्या झटकत होतं. आपण काही वाईट करतो आहोत असं तिला वाटलं नाही. तिनं मुलीच्या बापाला फोन केला आणि महालाच्या बोलण्यासाठी घरातल्या माणसांचे आवाज लागतात, आईचा काही जुना व्हिडिओ असेल तर पाठवा, असं सांगितलं. त्यानं काही न विचारता पाठवला. त्यात आई दिसतच नव्हती. मुलगी टबात बसून पाणी उडवत होती आणि मोबाइलमागून बाईचा आवाज येत होता. "अगं, इकडे बघ ना. बघ की गं. हलू नकोस, हलू नकोस." किंचित घोगरा आवाज, आणि प्रत्येक वाक्य शेवटी प्रश्नासारखं वर चढणारं.

सोनेरी कागद चिकटवता चिकटवता महालवाली तो आवाज घोटू लागली. पहिल्या दिवशी नुसती नक्कल झाली. दुसऱ्या दिवशी घोगरेपणा सापडला. मग एका संध्याकाळी "इकडे बघ ना" म्हणताना तिचं वाक्य आपोआप वर चढलं, आणि आवाज आपल्या घशातून येतोय की खोलीतून, हे तिला क्षणभर कळेना. तिनं हातातला सोनेरी कागद खाली ठेवला. समोर अर्धवट महाल होता आणि त्याचं दार तेवढं पूर्ण झालं होतं.

नवरा चहाचा कप घेऊन उंबऱ्यापर्यंत आला होता. तो आत आला नाही.

"एकटी आहेस की दोघी आहात?" त्यानं विचारलं. गमतीनं विचारलं होतं, पण उत्तराची वाट न बघता त्यानं कप दाराबाहेर खाली ठेवला. "इथे ठेवतोय. घे."

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी ती फ्रॉक अंगावर बघायला त्या घरी गेली. आजी भाजी आणायला खाली गेली होती, बाप कामावर होता, शेजारीण दारात बसून होती ती महालवाली आल्यावर उठून गेली. फ्रॉकची डावी बाही तिनं मुद्दाम बटणांची केली होती, कमरेवरचा हात न काढता घालता यावी म्हणून. मुलगी रॅकपाशी जाऊन उभी राहिली. गुलाबी जाळीचा घेर जमिनीपर्यंत आला होता. ती खरोखर राणीसारखी दिसत होती, आणि ते बघवत नव्हतं.

"मी आतून आरसा आणते हं," महालवाली म्हणाली.

हॉल आणि आतल्या खोलीच्या मध्ये पडदा होता. ती पडद्यामागे गेली, थांबली, छातीवर हात ठेवला. मग त्या दुसऱ्या आवाजात म्हणाली, "अगं. इकडे बघ ना. ओव्हर."

पलीकडे काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. मग जाळीच्या कापडाची सळसळ आली. पडद्याच्या फटीतून महालवालीला दिसलं की कमरेवरची बोटं सुटताहेत. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. हात खाली आला नव्हता, पण कमरेपासून सुटून हवेत, जणू कुणाच्या हातात द्यायचा असावा तसा, पुढे झाला होता.

"आई," मुलगी म्हणाली. मोठ्यानं नाही. "तू आत होतीस?"

इथपर्यंतच महालवालीनं ठरवलं होतं. आवाज येईल, हात सुटेल, आणि मग आपण आरसा घेऊन बाहेर जाऊ. आवाजाच्या मागे माणूस शोधतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. महालापाशी मुलं नळीला कान लावत, खिदळत, निघून जात. ही मुलगी सरळ चालत येत होती. महालवाली मागे सरकली, पलंगाला अडली. पडदा बाजूला झाला.

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या मागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, दाराआड पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. तिनं डावा हात उचलला, नीट बघून, बोटं मोजल्यासारखी पुढे घेत, कमरेवर ठेवला. पूर्वी बोटं नुसती टेकलेली असत. आता ती कापडात रुतली.

"हे धरायचं नाही," ती म्हणाली. "तू फसवलंस."

आणि ती रॅकपाशी जाऊन उभी राहिली.

आजी आली तेव्हा महालवाली सोफ्याच्या प्लास्टिकवर बसली होती. तिनं काही लपवलं नाही. व्हिडिओ, सराव, पडदा, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आजी, चुकलं माझं. मेलेल्या माणसाचा आवाज काढायला नको होता."

भाजीची पिशवी आजीच्या हातातच होती.

"मेली कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात, गेली."

"गेली म्हणजे गेली. बॅग घेऊन गेली. हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्र्या करते दुसऱ्या शहरात. धडधाकट आहे." आजीनं पिशवी खाली ठेवली आणि आवाज उतरवला, कारण मुलगी चार हातांवर उभी होती. "माझ्याशी पटेना. नवऱ्याला म्हणाली, वेगळं राहू. तो काही बोलेना. मग गेली."

महालवालीला आठवडाभर ज्या आवाजाची भीती वाटत होती, तो आवाज या क्षणी कुठेतरी कुणाशी तरी चादरींबद्दल बोलत असणार होता. त्या विचारानं ती जास्तच गारठली. मेलेल्याचा आवाज उसना घेतला तर निदान मागायला कुणी येत नाही.

तिनं विचारलं, हा स्टॅच्यूचा प्रकार घरात कुणाला माहीत आहे का.

आजी पिशवीतल्या भाज्या काढून टेबलावर ठेवू लागली. "मी स्वयंपाकघरात होते. दारात काय बोलली ते मला ऐकू आलं. बहिरी नाही मी."

"मग तुम्ही डॉक्टरांना, मुलाला..."

"उभी आहे तर उभी आहे," आजी म्हणाली. "खाते, पिते, शाळेत जाते. तिथे उभी आहे म्हणून इथे आहे. हात सोडला की जाईल आईच्या मागे. मग या घरात मी आणि हा सोफा."

ती रागावून बोलली नव्हती. हिशेब सांगावा इतकं सरळ बोलली होती. म्हणूनच महालवालीला तिच्याकडे बघवेना. राणीसरकार हे कौतुकाचं नाव कसं पडलं, राजकन्येचा थाट कुणाच्या डोक्यातून आला, हे तिला आता उमगत होतं. ज्या हाताचं कौतुक होतं त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही.

फ्रॉक घडी करताना तिनं सांगितलं की मुलीची आई येणार नसेल तर महालही येणार नाही.

"दुसरी कुणी मिळेल महाल करणारी," आजी म्हणाली.

"मिळेल. तिलाही आधी माप घ्यावं लागेल."

मुलीच्या बापाला तिनं डेपोत गाठलं. तो एका बसच्या पोटाखाली होता. तिनं वाकून सगळं सांगितलं आणि त्याचे फक्त पाय दिसत असल्यानं तो ऐकतोय की नाही कळायला मार्ग नव्हता. पाना वाजायचा थांबला एवढंच. बऱ्याच वेळानं खालून आवाज आला की बायकोचा दर आठवड्याला फोन येतो, तो जिन्यात जाऊन घेतो. ती विचारते, पोरगी कशी आहे. तो सांगतो, मजेत.

"हाताचं सांगितलंत?"

"तिला उगाच लागेल म्हणून नाही सांगितलं."

मग तो बाहेर सरकला, तेलकट हातांनीच मोबाइल काढला आणि नंबर लावून तिच्यापुढे धरला. त्याला स्वतःला बोलता येणार नव्हतं. महालवालीनं फोन कानाला लावला, आणि पलीकडून "हॅलो? बोला ना?" असा शेवटी चढणारा आवाज आला. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आधी घसा खाकरला. आपल्या तोंडून नेमका कोणता आवाज निघेल याची तिला खात्री नव्हती.

वाढदिवसाला इमारतीतली पोरं कागदी मुकुट घालून दुपारीच जमली. महाल भिंतीला लागला होता. बुरूज छताला टेकत होते, निशाणं पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती. महालवालीनं मागची नळी काढून तिथे बोळा कोंबला होता. आज महाल बोलणार नव्हता. पोरं दारातून आत-बाहेर धावत होती, मोठी माणसं ठरल्याप्रमाणे वाकत होती. उत्सवमूर्ती चपलांच्या रॅकपाशी उभी होती. तिथून तिला महालाचा एकच बुरूज दिसत असेल.

घंटी वाजली तेव्हा दाराच्या सगळ्यात जवळ आजी होती. बाप हॉलच्या दुसऱ्या टोकाला फुगा हातात धरून उभा राहिला होता, त्याच्यानं पाऊल उचलवेना. आजीनं एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा नातीकडे. मग तिनंच दार उघडलं. पण उंबऱ्यातून ती बाजूला झाली नाही.

बाहेर एक सडपातळ बाई होती. साधे कपडे, वाफेनं सालपटलेले हात, भेटवस्तू नाही. काही आणू नका, काही बोलू नका, आधी तो एक शब्द, हे महालवालीनं तिला फोनवर तीन-तीनदा सांगितलं होतं. बाईनं सासूच्या खांद्यावरून आत पाहिलं. गुलाबी जाळी, मुकुट, कमरेवरचा हात. तिचा चेहरा बघण्यासारखा राहिला नाही. पण शब्द तिनं म्हटला.

"ओव्हर."

पोरांचा गलका कुणी न सांगता थांबला. मुलगी दाराकडे बघत होती. हात तसाच होता. तिनं खाली हाताकडे पाहिलं, जरासा ओढून पाहिला.

"निघत नाहीये," ती म्हणाली. बरणीचं झाकण घट्ट बसलं की सांगतात, त्या सुरात.

आजी बाजूला झाली. आई आत आली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं मुलीची बोटं एक एक करून कमरेवरून सोडवली. बोटांखाली जाळीला वळकट्या पडल्या होत्या, त्या हात निघाल्यावरही तशाच राहिल्या. सुटलेला हात खाली लोंबला. दुसऱ्या हातापेक्षा तो बारीक होता, आणि अंगाच्या कडेला लागलेला तो हात पाहून खुद्द मुलगीच एक पाऊल बाजूला झाली, जणू शेजारी कुणी परकं येऊन उभं राहिलं होतं.

"जिंकले का मी?" तिनं विचारलं.

"हो," आई म्हणाली.

"मी एकदाच हलले होते. पण ते हिनं फसवलं म्हणून." तिनं उजव्या हातानं महालवालीकडे बोट केलं. "ते धरायचं नाही ना?"

"नाही धरायचं."

मग केक कापला गेला. सुरी मुलीनं उजव्या हातातच धरली. आजीनं सुनेच्या हातात बशी दिली आणि केकमध्ये साखर कमी पडली आहे, असं सांगितलं. तोवर तिच्याशी ती एवढंच बोलली. बाप फुगा सोडायला विसरला होता. आईनं मुलीला कोपऱ्यात मांडीवर घेऊन समजावलं की ती राहते तिथे एका खोलीत पुष्कळ बायका झोपतात, मुलांना ठेवू देत नाहीत, ती खोली शोधते आहे, मिळायला वेळ लागेल. मुलगी ऐकत होती आणि डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं वाकवून बघत होती.

पाच वाजता बस होती. आईनं पिशवी खांद्याला लावली, दाराशी आली, चपला घातल्या, वळली आणि निघताना आपण सगळेच म्हणतो तेच म्हणाली.

"येते हं."

मुलीचा हात उठला. झटकन नाही. कुणीतरी वरून दोरीनं ओढावा तसा सावकाश, कोपर बाहेर, बोटं पुढे, आणि कमरेवरच्या त्याच वळकट्यांत जाऊन बसला. मुलीचं हाताकडे लक्षही नव्हतं. ती आईकडे बघत होती, शांत, तयार. हॉलमध्ये ज्यांनी पाहिलं ते सगळे जागच्या जागी उभे राहिले.

"ताई, येते नका म्हणू," महालवाली म्हणाली.

आईला कळायला थोडा वेळ लागला. "त्या दिवशीही मी हेच म्हणाले होते," ती म्हणाली. "स्टॅच्यू. येते हं." आणि ती मुलीकडे वळली. "जाते मी."

"असं म्हणू नये दारात," आजीच्या तोंडून निघून गेलं. सवयीनंच निघालं असावं.

"जाते, आई," सून म्हणाली. मग परत मुलीला, प्रत्येक शब्द वेगळा करत, "मी जाते आहे. आत्ता येणार नाही. खोली मिळाली की येईन, आणि त्याआधी रविवारी फोन करीन. तोपर्यंत मी इथे नाही. कळलं?"

मुलीनं यावर विचार केला. हात आपणहून खाली आला.

"बरं," ती म्हणाली. "जा." आणि दार लागायच्या आत ती पाठ फिरवून महालाच्या दारातून आत शिरली. डोक्यावर दोन बोटं हवा राहिली. आतून पोरांचा एकच कल्ला उठला.

महालवाली उरलेले कागद कचऱ्यात टाकायला बाहेर आली तेव्हा आई जिन्यापाशीच होती. लिफ्ट येऊन दार उघडून, दार लावून रिकामी परत गेली होती. पिशवी खांद्यावर, एक हात कठड्यावर, ती घराच्या बंद दाराकडे बघत उभी होती आणि पापणी हलत नव्हती. महालवाली काहीतरी बोलणार होती. पण तिला या आवाजाची नक्कल येत होती, आणि त्या आवाजाच्या मालकिणीपुढे तिचा स्वतःचा आवाज सापडेना.

दार उघडलं. मुलगी बाहेर आली. मुकुट तिरका झाला होता, तोंडाला क्रीम होतं, आणि डाव्या हातात, जरा थरथरत, कागदी बशी होती.

"तू अजून गेली नाहीस?" तिनं विचारलं.

आईनं बटण दाबलं. लिफ्ट आली. ती आत गेली, दार लागलं, आणि मुलगी केक खात दारावरच्या लाल आकड्याकडे बघत राहिली. दोन झाला, एक झाला, मग शून्य. शून्य बराच वेळ तसाच राहिला. तो आता बदलणार नाही, याची खात्री झाल्यावर ती आत गेली.